खारीची बाळं आणि आईची बोटं

आज अमेरिकेत, ॲन आर्बर शहरातल्या माझ्या घरामागचा पाइन छाटला. चिकाच्या वासाने मला इथल्या पहिल्या वसंतात नेलं. आईच्या कष्टांमुळे घरातली पहिली पदवीधर झालेली मी इथे शिकायला आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. पाइनच्या झाडांवर चढून तांबड्या खारींची पिल्लं मोजायचं काम होतं. पहिलं घरटं बघताच आईला फोन केला.

"आई, चार पिल्लं! खार एकटीच वाढवते त्यांना."

"अगं, बाळंतिणीची लेकरं मोजू नयेत, दृष्ट लागते!"

"मोजायचीच तर स्कॉलरशिप मिळते मला!"

ती हसली. मग फोनवर कडकड ऐकू आलं. तिने बोटं मोडली होती.

तेव्हा वाटलं, खारीच्या पिल्लांसाठीच. आज आई नाही, आणि तिच्या एकुलत्या पिल्लासाठी बोटं मोडणारंही कुणी नाही.