पेर्सिदाकाकू आणि स्वयंपाकाचं मासिक

"कागद चाटून कुणाचं पोट भरलंय का आजवर?"

"चाटायला नाही आणला, आई. वाचायला आणलाय."

"वाचतेय म्हणे. इथे पोतंभर मिरच्या भाजायच्या राहिल्यात."

कुंपणाला कान लावायची गरजच नव्हती. शेजारच्या पेर्सिदाकाकू कुजबुजल्या तरी मोरावा नदीपलीकडे ऐकू जायचं. मी आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. घालून झाले तरी तेच पुन्हा झटकत राहिले. भांडण होतं स्वयंपाकाच्या मासिकावरून. नवी सून देसांका बसथांब्याजवळच्या टपरीतून ते दर महिन्याला आणायची. काकूंचं म्हणणं, जिला वासावरून मीठ कळत नाही, तिला छापील चित्रं काय शिकवणार?

काकूंना स्वतःला अक्षर येत नव्हतं. मुलगी शाळेत गेली तर बदकं कुणी राखायची, असं त्यांचे वडील म्हणायचे, आणि बदकांच्या बाजूने निकाल लागला. मीही चार यत्तांवरच थांबले, त्यामुळे आमचं बरं जमायचं. पण हाताला चव कशी असावी, तर काकूंसारखी. पांढरा घेवडा कांद्यात घालून त्या भट्टीत असा भाजायच्या की खाणारा बोलायचं विसरायचा.

आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो; त्या घरचा संत निकोला. त्याच्या सणाला स्लावा म्हणतात; ती डिसेंबरात येते, नेमकी नाताळआधीच्या उपवासात. मासा चालतो, दूध, लोणी, अंडं नाही. आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं. जो दारात येईल त्याला पोटभर वाढायचं, आणि काकूंच्या दारात सगळं गाव यायचं.

त्या वर्षी सणाच्या तोंडावर काकू विहिरीपाशी बर्फावरून घसरल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. चुलीसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "यंदा पान तू मांड. जमलं, तर स्वयंपाकघर तुझं आणि ते कागदही तुझे. लोक नावं ठेवून गेले, तर कागद चुलीत, आणि मी मरेपर्यंत डाव माझ्या हातात."

"डाव्या हातात का, आई?"

"तोंडाने चालवीन. तू काळजी करू नकोस."

देसांकाने मासिकातून उपवासाचा केक निवडला: अक्रोड, मुरांबा, बिस्किटांचा चुरा. आदल्या दिवशी करून थंडीत ठेवला. दिसायला अगदी चित्रातल्यासारखा, वर मुरांब्याचा उंच घुमट. काकूंनी तो लांबूनच पाहिला आणि म्हणाल्या, "टोपी घातलीय का त्याला?"

सणाच्या सकाळी मी मदतीला गेले, तर देसांका पांढरीफटक. हातात बिस्किटांचा रिकामा पुडा. तिला सवयच होती, अक्षर दिसलं की वाचायचं, मग ते खताच्या पोत्यावर का असेना.

"रुझाताई, यात दुधाची पावडर आहे हो."

"कोण बघतंय," मी म्हटलं. "पाद्रीबाबा काय पुडा वाचत बसणारेत? ते स्लावाचा पाव कापतील, दोन घोट घेतील आणि जातील."

कागद चुलीत जाणार हे तिला दिसत होतंच. मग सरळ सासूसमोर गेली आणि सांगून टाकलं.

काकूंनी पुडा डाव्या हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. त्यावर हसरा पोरगा होता. त्याला त्या चांगल्या ओळखत होत्या.

"हाच पुडा?"

"हाच, आई. तुम्ही आणता तोच."

काकूंनी पुडा उलटा करून मांडीखाली सारला. मग कळलं. दर उपवासात याच बिस्किटांचे लाडू त्या वळायच्या, पाद्रीबाबांनाही वाढायच्या.

"बाबांना सांगायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते बिचारे उगाच पाप मोजत बसतील." मग माझ्याकडे वळून, "रुझा, केक घरी ने. तुझा नवरा कम्युनिस्ट पार्टीचा माणूस, त्याला कुठला उपवास?"

माझ्या नवऱ्याने तो केक अगदी निष्ठेने संपवला.

इकडे पाहुण्यांना गोड काहीच नव्हतं. काकू खुर्चीतून हुकूम सोडत होत्या, मी भोपळा किसत होते, देसांका तेलाचं पीठ कागदासारखं पातळ ओढत होती. भोपळा भरून गुंडाळ्या झाल्या, तशी ती बिचकत म्हणाली, "आई, मासिकात लिहिलंय, भट्टीत घालण्याआधी वर सोड्याचं पाणी शिंपडायचं. पापुद्रे कुरकुरीत होतात."

"बुडबुड्यांनी?"

"बुडबुड्यांनी."

काकूंनी प्लास्टरकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. "शिंपड. आजचा दिवस तसाही वाया गेलेलाच आहे."

त्या गुंडाळ्या मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. गिरणीवाल्याची बायको तिसरी उचलून म्हणाली, "पेर्सिदा, हे कसं केलंस गं?"

"आमच्या घरची रीत आहे," काकू म्हणाल्या. "सुनेला विचार. स्वयंपाकघर तिचं आहे."

मासिक वाचण्याजोगं आहे का, असं मला नाती विचारतात. अहो, पन्नास पानांत एक सोड्याचं पाणी निघतं. बाकी सगळे टोपी घातलेले केक. पण पेर्सिदाकाकूंनी त्यानंतर एक अंक सोडला नाही. व्हिनेगरची बाटली असो की मासिक, सगळं देसांकाकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या, आणि पाककृती लिहिणाऱ्या बाईशी भांडायच्या. "अननस? मासळीत? हिला आई नव्हती का?" पुढे देसांका शाळेच्या भटारखान्यात नोकरीला लागली, तेव्हापासून अंक आणायचं काम काकूंनीच घेतलं.

एका फेब्रुवारीत तर काकू आजारी असतानाही अंक आणायला निघाल्या. छातीत कळ येते म्हणत होत्या, तरी काळा रुमाल बांधून, काठी टेकत थांब्यापर्यंत. मीही बसची वाट बघत तिथेच होते. टपरीवाल्याला म्हणाल्या, "दे बाबा, त्या अननसवालीचं."

"काकू, अजून तिच्यावर राग?"

"रागावल्याशिवाय कळतं का माणूस सुधारतंय की नाही ते?"

अंक बर्फाने ओला होऊ नये म्हणून कोटाच्या आत घातला, मला म्हणाल्या, "येते गं रुझा, सून यायच्या आत बटाटे चढवायचेत," आणि बर्फाच्या कडेकडेने घराकडे निघाल्या.