गोणपाटाचे कान

काल वाण्याकडे ओल्या गोणपाटाचा वास आला आणि मी नव्वदीतल्या आखातात, अजमानला, आमच्या खोलीमागच्या वाळूत पोचलो.

माझ्या खोलीतले गंगारामदादा देवरूखकडचे. गावी ते रानडुकरं धरणारी कुत्री पाळायचे, शिकवायचे. अजमानमध्ये डुक्कर कुठलं? तरी चंदी नावाच्या भटक्या कुत्रीला त्यांनी तयार करायला घेतलं. गोणपाटात वाळू भरून, त्याला चिंध्यांचे दोन कान शिवून ते दोरीने ओढायचे. चंदीने कान धरायचा, फाडायचा नाही, ‘सोड’ म्हटल्यावरच सोडायचा. तिने काही नासधूस केली तर हाकलून देईन, असं खोलीमालकाने बजावलं होतं.

एका शुक्रवारी मल्याळी दुकानदार पाठीवर तांदळाची गोणी घेऊन आला. चंदीने झेप घेऊन गोणीचं लोंबतं टोक धरलं. तो जागच्या जागी थिजला. आता तांदूळ सांडणार, चंदी जाणार, असं आम्हाला वाटलं. पण एक दाणा पडला नाही.

“भाई, खलास करो, छुडाओ इसको,” तो रडवेला होऊन म्हणाला.

“दो मिनट, हबीबी.” दादांनी आम्हाला जवळ बोलावलं. “बघा, कसा धरलाय.”

तेव्हा आम्ही चंदीला हसलो. आता आठवतो तो दादांचा चेहरा. ‘सोड’ म्हणायला उशीर करत होता तो माणूस, आणि तेवढ्या वेळात सुट्टी न घेताच घरी जाऊन आला.