तानामामीचा ससा

आमचा कवडूमामा भेकड नाई, पण सावध. इतका सावध, की मले राग येते त्याचा. पुलगावच्या मिलिटरीच्या दारूगोळा डेपोत त्याची उमर गेली, पण तिथं आपण काय काम करतो हे त्यानं बायकोलेही कधी सांगितलं नाई.

रिटायर झाल्यावर तानामामीनं त्याले एकच गोष्ट मागितली. "मले चंद्रावरचा ससा जवळून पाहाचा हाय वो." शुगरनं मामीची नजर उतरत चालली होती. नजर पुरी जायच्या आत पाहाचा होता तिले.

मामानं शाळेतल्या नागसेन सरांले विचारलं. ते पोरांले आकाश दाखवतात. सर म्हणाले, "पहिली दुर्बीण दोन डोळ्यांचीच घ्या. हलकी असते. मामींले झेपन."

मामा म्हणे, "तशी दुर्बीण घेऊन मी गच्चीवर उभा, अन् समोर डेपो! हात दाखवून अवलक्षण कायले?"

"अरे मामा, चंद्र पाहाले कोन हटकते तुले?" मी म्हटलं. पण भाचीचं ऐकन तो मामा कसला! त्यानं तीन पायांची, लांब नळीची मोठी दुर्बीण मागवली. कोणीही पाहिलं तरी समजन, मानूस आभाळाकडंच पाहून राह्यला.

बाप्पा, काय ते धूड! हात लागला की थरथरे. चंद्र सापडे अन् लगेच निसटे. मामी बिचारी वाकून, एक डोळा दाबून पाहे.

"दिसला का व?"

"दिसला ना! लय साजरा हाय."

मामा इतका खुश झाला, की गल्लीत पेढे वाटले त्यानं.

वर्षभरात मामीची नजर पुरी गेली.

परवा पुनवेले नागसेन सर आपली दोन डोळ्यांची दुर्बीण घेऊन घरी आले. चंद्र नुकताच वर आलता. मामानं दुर्बीण डोळ्यांले लावली अन् वरडलाच, "ताने, तुले दिसलता तो ससा आज मलेही दिसला!"

मामी खाटेवर बसली होती. हळूच म्हणाली, "मले कुठं दिसला होता वो? तुमी एवढ्या हौसेनं आणली, म्हणून म्हटलं. आता तुमीच सांगा. कान कोण्या बाजूनं हायेत त्याचे?"

अशी दोन डोळ्यांची काऊन नाई घेतली तवाच, असं माझ्या तोंडावर आलतं. पण मामाकडं पाहून मी गिळलं.

जलमभर बायकोले काई न सांगणारा मानूस तो. त्यानं दुर्बीण परत डोळ्यांले लावली अन् सशाचे कान शोधाले लागला.

"सांगा ना," मामी म्हणे.