नकाशावरचं अंतर आणि मिनिटताई

दोन विमानतळांमधलं अंतर एकशे नव्वद किलोमीटर आहे, हे नकाशावर पट्टी ठेवून कुणीही सांगेल. मिनिटताई पट्टीला हात लावत नसे. "कावळ्यासाठी एकशे नव्वद," ती म्हणायची, "आपल्या विमानाला पासष्ट मिनिटं." मध्ये डोंगर होता. त्याला वळसा घालायचा आणि दुपारनंतरचा वारा नाकावर घ्यायचा. सव्वीस वर्षं त्या एका खोलीत रेडिओसमोर बसून तिने विमानं सोडली होती, आणि तिची वेळ चुकली असं छातीठोकपणे सांगणारा अजून जन्मायचा होता. नाही म्हणायला नवे कॅप्टन होते. त्यांच्याकडे टॅब्लेट होता.

त्या दिवशी पावणेचार वाजता डोंगरापलीकडून भावजयीचा फोन आला. भाऊ गोदामाच्या छपरावरून पडला होता. पोटात रक्तस्राव होतोय, आजच ऑपरेशन हवं, असं तिथल्या नर्सने सांगितलं होतं. ऑपरेशनची सोय फक्त अलीकडे.

"अडतीस मिनिटं जायला, अडतीस यायला, मध्ये वीस," कॅप्टन टॅब्लेट पुढे करत म्हणाले. "पावणेसहाच्या आत परत येतो, ताई."

"तुमचं यंत्र डोंगरातून बोगदा काढतं वाटतं," ताई म्हणाली.

तिचा हिशोब वेगळा होता. पाच दहाला पोचणार, साडेपाचला निघणार, वारा पाठीशी असला तरी परत यायला पन्नास मिनिटं. म्हणजे सहा वीस. सूर्यास्त सहा अठराला, आणि इथल्या धावपट्टीवर दिव्यांच्या नावाने बोंब, त्यामुळे सूर्यास्तानंतर उतरायला बंदी. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तिने केव्हाच 'नाही' म्हटलं असतं. उड्डाणाच्या परवानगीवर सही करायचं पेन हातात धरून ती घाबरली, चांगलीच घाबरली. मग तिचं लक्ष त्या मधल्या वीस मिनिटांवर गेलं.

ती कुठे जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या लोकांची जुनी खोड. विमानाचा आवाज कानावर पडल्याशिवाय कुणी घराबाहेर पाय टाकत नसे. विमानाचा काय भरवसा, उघड्या माळावर उगाच कोण ताटकळणार? आवाज आला की निघायचं, तोवर विमानच ताटकळायचं.

तिने फोन फिरवला. "त्याला आत्ताच्या आत्ता धावपट्टीवर न्या. आवाजाची वाट बघू नका."

"वन्सं, तासभर? एवढ्या वाऱ्यात? कण्हतायत हो ते! आणि विमान आलंच नाही तर?"

"पाच दहाला येईल. पाच मिनिटांत त्याला आत घ्या. घरात असतील तेवढी पांघरुणं घाला, नर्सला सोबत घ्या, मला शिव्या द्या, पण निघा."

फोन ठेवून तिने सही ठोकली.

विमान सहा वाजून सहा मिनिटांनी टेकलं. स्ट्रेचर खाली आलं तेव्हा भावाचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. राग भावजयीच्या तोंडावर लिहिलेला होता.

"थंडीनं मारलंस की गं, ताई," भाऊ पुटपुटला.

"मेलास का? नाही ना? मग गप पड," ताई खेकसली. अंगातला कोट काढून तिने त्याच्यावर टाकला आणि तशीच रुग्णवाहिकेत चढली.

खोलीला कुलूप लावायचं राहून गेलंय, हे तिला आठवलं ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी, भावाने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा.