वडनेरच्या काकांचा पी. पी. कॉल

तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेल्या मुलीला नोकरी कुठे मिळणार? मला टेलिफोन एक्सचेंजमध्ये मिळाली. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातून नागपूरला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि आमच्या मर्जीची वाट बघत बसायचं. दुपारी बोर्डावर आम्ही दोघी असायचो, मी आणि मोठ्या बाई. अर्ध्या तालुक्याची लग्नं, भांडणं आणि मरणं त्यांच्या कानावरून गेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "लाइन लागली का पाहाले कान लावायचा, अन् लागली की काढायचा."

मी कान लावायचे. काढायला जरा उशीर व्हायचा, एवढंच.

एका दुपारी गावातल्या एका गृहस्थांना नागपूर लावून दिलं. हे माझ्या मैत्रिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा. मैत्रीण वडनेरची, कॉलेजात माझ्या बाकावर बसलेली, आईवडिलांची एकुलती एक. मुलगा नागपूरला एका हापिसात ओव्हरसियर, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर. मामा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नोकरी गेल्याचं पोरीच्या बापाले कळू नोको देजो." एवढं ऐकलं आणि मला एकदम नियम आठवला. मी अगदी सभ्यपणे कान काढला.

मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. कॉलेजात सरांनी नीतिशास्त्राचे दोन सिद्धांत घोटून घेतले होते. पहिला, कर्तव्य म्हणजे कर्तव्य, परिणाम काही होवो. त्याप्रमाणे फोनवरचं बोलणं बाहेर फोडायचं नाही, आणि नोकरीला लागताना मी तसं लिहूनही दिलं होतं. दुसरा, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. मी बोर्डासमोर बसून माणसं मोजली. मैत्रिणीकडे ती आणि आईवडील, तीन डोकी. मुलाकडे पाच भाऊ, चार बहिणी, मामा, मावश्या आणि पंगतीला येणारी सगळी भावकी. पारडं तिकडेच झुकलं. म्हणजे सरांचे दोन्ही सिद्धांत मामांच्या बाजूने! मला इतका राग आला की मामांचा पुढचा कॉल मी तासभर लागूच दिला नाही. हे कुठल्या सिद्धांतात बसतं ते काही मी पाहिलं नाही.

आठ दिवसांनी मैत्रिणीचे वडील वडनेरहून एसटीने आले. साक्षगंधाची वेळ कळवायला त्यांना मुलाच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचा होता. एक्सचेंजच्या बुकिंग खिडकीत मला पाहून त्यांना बरं वाटलं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, काका, शेजाऱ्यांना कशाला त्रास, हापिसातच पी. पी. कॉल लावू. पी. पी. म्हणजे ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर आणायचा. तो नसला तर कधी येईल हे ऑपरेटरनं विचारायचं आणि कळवायचं. नियमच तसा होता. जावई स्वतः बोलणार म्हणून काका खूश झाले.

लाइन लागली. मी नाव सांगितलं. पलीकडचा शिपाई म्हणाला, ते इथं नाहीत. मी नियमाप्रमाणे विचारलं, कधी येतील? तो म्हणाला, येणार नाहीत, टेम्पररी होते, दिवाळीतच कमी केलं. मी ते जसंच्या तसं काकांना कळवलं आणि वर भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "उद्या परत लावू का, काका?"

काका बाकावर बसले. थोडं पाणी प्यायले आणि स्टँडकडे गेले. साक्षगंध मोडलं. मी गुपित फोडलं नव्हतं, खोटं बोलले नव्हते, आणि मैत्रीण वाचली होती. मोठ्या बाई सुपारी कातरत सगळं पाहत होत्या. "हुशार हायेस," एवढंच म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मैत्रीण घरी आली. मी चहा ठेवला. ती आभार मानेल तेव्हा काय म्हणायचं, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ती बसली नाही.

"मले पाहाले आला तवाच सांगतलं होतं त्यानं," ती म्हणाली. "तुळशीपाशी पाच मिनिटं बोलू देलं ना, तवा. दुसऱ्या नोकरीची परीक्षा देऊन राह्यला होता. मले चालत होतं. फक्त बाबाले सांगाचं नोहतं."

मामांचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. पोरीच्या बापाले, म्हणाले होते ते. पोरीले असं म्हणालेच नव्हते.

मी घाबरून सगळं सांगून टाकलं. ऐकलेलं वाक्य, सरांचे सिद्धांत, मोजलेली डोकी, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढी डोकी मोजली तुनं," ती म्हणाली, "मले काऊन नाई विचारलं?"

वडनेरची एसटी आमच्या कोपऱ्यावर थांबायची. त्या आठ दिवसांत मला एक सुट्टीही होती. ती मी नीतिशास्त्राच्या वह्या काढून वाचण्यात घालवली होती.