एकही मेल आला नाही

"‘व्हय’ नाही. ‘हो’. म्हण."

मी म्हणाले, "हो."

"दहा वेळा."

मी दहा वेळा म्हणाले. ऑफिसातली सहा माणसं मोजत होती. सातव्याला जीभ अडखळली, तर सर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून.

नोकरीचा पहिला दिवस. सोलापुरातली एक खासगी संस्था, तिचं नर्सिंग कॉलेज. सर म्हणजे संस्थेचे सचिव. माझा बाप सांगोल्याकडं मेंढरं राखतो. अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिलेला होता, तो सरांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग हेडक्लार्क मॅडमना म्हणाले, "हिला ईमेलवर बसवा. बाप मेंढरं अडवतो, ही माणसं अडवेल."

सगळे हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते.

काम असं. कॉलेजच्या ईमेलला दोन याद्या होत्या. पहिलीतल्या लोकांचे मेल कधीच अडवायचे नाहीत. त्यात संस्थेचे विश्वस्त, त्यांचे मेव्हणे-भाचे, गावोगावची पोरं गाठून आणणारे एजंट. दुसरी ब्लॉकची. तिच्यात ज्याचा पत्ता गेला, त्याचा मेल आमच्यापर्यंत येत नाही. पाठवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. त्याच्या मोबाइलवर मेल गेला असंच दिसतं. तो उत्तराची वाट बघत बसतो.

मला वाटलं होतं, ब्लॉकमध्ये जाहिरातवाले असतील, भामटे असतील. ते थोडेच. बाकी सगळी आमच्याच कॉलेजची पोरं. प्रवेश घेताना पोरं मूळ गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला जमा करतात. पुढं सरकारी कॉलेजात नंबर लागला की ते कागद परत मागतात. मूळ कागदाशिवाय तिकडं उभं करत नाहीत. सर कागद देत नव्हते. कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. म्हणायचे, "तारीख टळू दे. टळली की सगळी गपचूप इथंच बसतात."

आधी मॅडम एकेक पत्ता हातानं टाकायच्या. त्यात दिवस जायचा. मी बघितलं तर सगळे एकदम टाकायची सोय होती. शीटमध्ये पत्ते एकाखाली एक लावायचे, फाईल चढवायची, बटण दाबायचं. दहा असोत की पाचशे. सर खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले. "हुशार आहेस की गं!" त्या ऑफिसात मला मिळालेला पहिला चांगला शब्द. रिक्षात बसून खोलीवर जाईपर्यंत मी तो शब्द मनात घोळवत होते.

मग दर शुक्रवारी सरांकडून यादी यायची. नावापुढं पत्ता, पत्त्यापुढं शेरा. ‘कागद मागते.’ ‘बाप भांडखोर.’ ‘मराठी धड येत नाही, दम द्या.’ शीटला शेरे लागत नाहीत. मी तो रकाना वाचायची आणि पुसायची. नावंही पुसायची. पत्ते तेवढे ठेवायची.

भाग्यश्रीचा पत्ता मीच चढवला. तिच्यापुढं शेरा होता, ‘सरकारीत नंबर लागणार.’

ती आली तेव्हा बाप बरोबर होता. अक्कलकोटच्या पलीकडचं, सीमेवरचं गाव. म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायात जाड वहाणा. माझ्या बापाच्याच वळणाचा. भाग्यश्रीचा सरकारी कॉलेजात नंबर लागला होता आणि संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. ती दोघं सकाळी साडेदहाला आली. सरांनी त्यांना तीन वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग बोलावलं. उभंच ठेवलं.

"काय रे, आधी कळवायला काय झालं होतं?"

म्हातारा म्हणाला, "कळवलं की साहेब. पोरीनं मेल केलाय. अकरा येळा." मग पोरीकडं बघून कन्नडात काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "हौदप्पा." हो म्हणाली.

"अकरा?" सर हसले. "तुला वाचता येतं का रे? मेल म्हणजे काय ते माहीत आहे?" मग माझ्याकडं वळले. "बघ गं. हिचा एखादा मेल आलाय का?"

मी पडद्याकडं बघायचं नाटक केलं. तो पत्ता मीच चढवला होता. मला पाठ होता.

"एकही मेल आला नाही सर."

‘हो’ शिकवलेल्या तोंडानं मी हे बोलले. अगदी शुद्ध.

सर म्हाताऱ्याला म्हणाले, "ऐकलंस? पोरगी तुला बनवतेय. मोबाइल घेऊन कुणाशी बोलत बसते ते बघ आधी."

म्हाताऱ्यानं पोरीकडं बघितलं. एकच क्षण, पण संशयानं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं.

ती दोघं निघून गेली. सर जेवायला गेले. अडवलेले मेल लगेच नाहीसे होत नाहीत, महिनाभर एका वेगळ्या कप्प्यात पडून असतात. तो कप्पा मी कधी उघडला नव्हता. त्या दिवशी उघडला.

शेकड्यानं मेल. भाग्यश्रीचे अकरा. पहिला नीट, अर्जासारखा. पाचव्यात बापाचा आजार. आठव्यात नुसती मुदतीची तारीख. अकरावा असा होता: ‘सर, माझा मेल तुम्हाला दिसतो का? दिसत असेल तर फक्त हो म्हणा.’

मी ते अकराही छापले. सरांनी शुक्रवारी पाठवलेल्या सगळ्या याद्या शेऱ्यांसकट छापल्या. सगळे पत्ते स्वतःकडं उतरवून घेतले. मग ब्लॉकची अख्खी यादी निवडली आणि एका बटणात रिकामी केली. अडवलेले सगळे मेल सोडले. कॉलेजला आलेल्या मेलची प्रत विश्वस्तांनाही जायची, त्यामुळं ते त्यांच्या मेलमध्येही धडाधड जाऊन पडले.

एसटी स्टँडवर पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. अक्कलकोटच्या गाडीला ती दोघं उभी होती. मी तिचे छापलेले अकरा मेल पुढं केले.

"मेल आले होते. मी खोटं बोलले."

भाग्यश्रीनं कागद घेतले. वर बघून म्हणाली, "तवा का न्हाय बोललीस? तीन वाजता?"

म्हाताऱ्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला गाडीत चढवलं. ती जागा गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी सरांनी माफीनामा टाइप करून ठेवला होता. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे काही पत्ते चुकून ब्लॉक झाले. यात संस्थेचा दोष नाही.’ खाली माझं नाव. सहीपुरती जागा.

"कर सही. नाहीतर चोरीची केस घालतो. संस्थेचे मेल बाहेर नेलेस."

"न्हाय करणार."

"तुला बाहेर कोण घेईल? अंगाला लेंड्यांचा वास मारतो तुझ्या. आम्ही होतो म्हणून खुर्चीवर बसलीस."

मॅडम खाली बघत होत्या. उरलेले पाच जणही. मी माफीनामा दोनदा फाडला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. शिपायानं माझी पिशवी उलटी करून तपासली. डब्यातली भाकरीसुद्धा उघडून बघितली. छापलेल्या याद्या आदल्या संध्याकाळीच माझ्या खोलीवर गेल्या होत्या.

बापाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "त्या पोरीचा बा काय म्हनला?"

"काय न्हाय."

"हं," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच रात्री मी उतरवून घेतलेल्या सगळ्या पत्त्यांना एक मेल पाठवला. ‘तुमचे मेल कॉलेजपर्यंत पोचत होते. सचिवांच्या सांगण्यावरून मी ते अडवले.’ खाली माझं नाव, गाव, फोन. सकाळपासून फोन सुरू झाले. लई जणांनी शिव्या घातल्या. एक आई नुसती रडली. एक पोरगा म्हणाला, त्यानं शिकणं सोडलंय, आता वळसंगला दुसऱ्याच्या शेतात कामाला जातो. मी एकही फोन कापला नाही. भाग्यश्रीचा आला नाही. येणार नाही, हेही मला माहीत आहे.

मंगळवारी पोलीस ठाण्यात चौकशी आहे, सरांनाही बोलावलंय. सरांनी खरंच माझ्यावर तक्रार केली आहे. ओळखीचे वकील म्हणाले, तू ‘सांगितलं म्हणून केलं’ एवढंच बोल, बाकी गप्प राहा, सुटशील.

मला तसं सुटायचं नाही. मी सगळं बोलणार. यादी कुणी दिली ते, आणि कुणी चढवली तेही. आधी माझा गुन्हा सांगणार, म्हणजे मला घाबरवायला त्या सचिवाच्या हातात काही उरणार नाही. मग त्याचं नाव घेणार. समोर बसून, डोळ्यात बघून. पोरांच्या कागदांच्या कपाटाची किल्ली टेबलावर येईपर्यंत मी त्या खोलीतून उठणार नाही.