बिनवासाच्या संध्याकाळी

साधा ताप आला आणि गेला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला. वासाबरोबर चवही गेली. फोडणी करपली तरी धूर दिसेपर्यंत मला पत्ता नसायचा. लोणचं काय आणि केळं काय, तोंडात सगळं सारखंच.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चाललं असतं. माझं बदलापुरात, मांजर्लीत पोळी-भाजी केंद्र आहे. ताप गेल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात आमटीत दोनदा मीठ पडलं, आणि एक जुनी गिऱ्हाईक बाई दारात येऊन हळूच म्हणाली, "ताई, तब्येत बरी आहे ना?" ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. डॉक्टर म्हणाले, येईल वास. कधी, ते त्यांनाही सांगता येईना. नाही आला तर केंद्राला कुलूप लावावं लागणार, हे मात्र मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मे महिन्यात गिऱ्हाइकं गावाला जातात, म्हणून आम्ही आठवडाभर केंद्र बंद ठेवतो. या वर्षी भिशीतल्या बायकांबरोबर मी बँकॉकला जाणार होते. तिथले रात्रीचे बाजार बघायचे, रस्त्यावर उभं राहून खायचं, असा बेत होता. मी नाव काढून घेतलं. तिथे जाऊन हुंगणार काय होते, कपाळ? बायका गेल्या आणि तिथून फोटो पाठवत बसल्या. दिव्यांच्या माळा, वाफाळणारी पातेली, काड्यांना टोचलेलं काहीबाही. मी प्रत्येक फोटोला अंगठा दाखवायची आणि फोन आदळायची.

नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात आहे. माझ्या सहलीच्या काळात घर सांभाळायला म्हणून त्याने रजा काढली होती, ती तशीच पडून होती. दोन दिवस माझी आदळआपट ऐकल्यावर तो म्हणाला, "चल, आपणही फिरू. बाजार काय बँकॉकलाच असतात?"

मग आम्ही रोज दिवेलागणीला स्कूटर काढायला लागलो. पहिल्या दिवशी बदलापुरातच हिंडलो. बारवी धरणाकडच्या डोंगरातून आलेल्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अंबरनाथ. बुवापाड्यात लग्नानंतरची आमची पहिली खोली होती, तिथल्या नाक्यावर पाणीपुरी खाल्ली. मग उल्हासनगर धरलं ते धरलंच. टिक्की, रगडा, फालुदा, तळलेली कमळकाकडी, सगळ्यापुढे जाऊन उभी राहिले.

वास नसला की बाजार वेगळाच होतो, खरं सांगते. सगळं जवळ असतं आणि तरी लांब वाटतं. तव्यावर लोणी पडायचं, पसरायचं, त्यावर लाल भाजी डुचमळायची, आणि मला नुसता उलथन्याचा आवाज यायचा. वाफ उठून पिवळ्या दिव्यात शिरायची आणि तिथेच विरून जायची. माणसं तोंडं हलवत होती, हसत होती, आणि त्यांच्यामधून मी झोपेत चालल्यासारखी चालत होते. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. घरी परतताना उल्हास नदीवरचा वारा लागला की तो गार आहे एवढंच कळायचं.

फक्त एका गोष्टीने माझी झोप मोडायची. मी प्रत्येक गाडीपाशी विचारायची, "अहो, कसं लागतंय?"

"बरं आहे."

पाणीपुरी बरी, फालुदा बरा, टिक्की बरी. संसारात माझ्या हातचं खातानाही या माणसाने याच्यापलीकडे शब्द काढला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक जायची. देवाने जीभ शाबूत ठेवली ती नेमकी याची.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये होतो. कोपऱ्यावर एक सिंधी बाई भजी तळत होती. तिच्याकडे ही गर्दी. नवऱ्याने एक प्लेट घेतली, पावाच्या स्लाइस आणि हिरव्या चटणीबरोबर, आणि खायला लागला. माझं लक्ष तिच्या परातीवर गेलं. त्यात थंड झालेल्या मोठ्या मोठ्या भज्यांचा ढीग होता. गिऱ्हाईक आलं की बाई त्यातली दोन-तीन उचलायची, हाताने तोडायची आणि तुकडे परत तेलात सोडायची. नाक नव्हतं, पण डोळे होते ना.

"बासी पकोडा गरम करके देती हो?" मी चढ्या आवाजात म्हटलं. "मेरा भी खाने का धंदा है, मेरेको सब समजता है."

दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाई काही बोलणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "अगं, शिळी नाहीयेत ती."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"शिळ्या भज्यांचं मला नको सांगूस. तुझी रविवारची उरलेली भजी सोमवारी डब्यात कोण नेतं? शिळं बेसन मागाहून कडवट लागतं, कांदा लिबलिबीत होतो. हे ताजं आहे."

बाई हसायला लागली. "दीदी, ये दो बार ही तलते हैं. पहले आधा, फिर तोड़ के पूरा. एक बार में अंदर से कुरकुरा नहीं होता. मेरी माँ भी ऐसे ही करती थी."

मी तिची माफी मागितली. तिने माझ्या हातात एक गरम तुकडा ठेवला. तो दातांखाली कुर्रकन मोडला, पुढे काहीच नाही. मी नवऱ्याला विचारलं, "मग सांगा की, कसं लागतंय?"

त्याने आणखी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "धणे जाडसर आहेत, मध्ये मध्ये दाताखाली येतात. मिरची उशिरा लागते. काहीतरी आंबट आहे, वाळवलेलं."

"अनारदाना," बाई म्हणाली.

"तेच असेल. तुझ्या भज्यांत ओवा असतो. आणि गेल्या पावसाळ्यापासून तू आलं किसून घालायला लागलीस. आधी नव्हतीस घालत."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"खाल्लं तेव्हा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं म्हणायची सोय नव्हती, ती मला लागतच नव्हती. "मग इतकी वर्षं नुसतं बरं आहे, बरं आहे का म्हणत होतात?"

"बरं असायचं म्हणून," तो म्हणाला आणि पुढचा तुकडा उचलला.

वास अजून आलेला नाही. सोमवारी पहाटे मी केंद्र उघडलं आणि आमटी चढवली. कामावर निघायच्या तयारीतला नवरा ओट्यापाशी येऊन उभा राहिला. मी त्याच्या तळहातावर आमटी घातली. त्याने ती चाटली. "मीठ किंचित. आणि गूळ विसरलीस."

मी मीठ घातलं, गुळाचा खडा टाकला, आमटीला एक उकळी येऊ दिली आणि परत त्याच्या हातावर घातली.

"आता?"

"आता तुझी झाली," तो म्हणाला.